पाटीवरचा कोड, पुस्तकातला कोड

सातवीच्या वर्गात पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड उघडून दाखवत होते. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, असाच चौकोन आमच्या आईकडे आहे. पाटीला लावलाय." तिची आई उरणच्या बाजारात मासळी विकते.

त्या दिवशीचा पाठ बाजूला ठेवला. दोन्ही चौकोन दिसायला सारखेच, मग एक धडा उघडतो आणि दुसरा पैसे नेतो, हे कसं? कोड म्हणजे ठिपक्यांत मांडलेला मजकूर, बहुतेक वेळा एक पत्ता. पुस्तकातला पत्ता 2017मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या शैक्षणिक मंचावर नेतो, पाटीवरचा आईच्या खात्याशी. नुसत्या डोळ्यांना यातलं काहीच कळत नाही. म्हणून स्कॅन केल्यावर पडद्यावर कुणाचं नाव आलं ते वाचायचं, मगच पुढे जायचं. आणि पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच नाही. हे वाक्य मुलांना वहीत लिहायला लावलं आणि घरी मोठ्याने वाचायला सांगितलं. "तुमचे पैसे यायचेत, पिन टाका" असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा. पैसे गेलेच, तर लगेच 1930 हा सायबर फसवणुकीचा मदतक्रमांक फिरवायचा.

पुस्तकांत कोड आणण्याचा प्रयोग ज्यांनी आधी करून पाहिला, ते रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले तेव्हाचे शिक्षक. 2020 साली 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. बातम्या पुरस्काराच्याच जास्त झाल्या. मला त्यांचं कौतुक वाटतं ते शिक्षकाने स्वतः साधन घडवलं म्हणून.

आम्हा बाकीच्यांचं काय? आमच्या पिढीने एमएस-सीआयटी केलं, फोल्डर करायला शिकलो, तक्ते भरायला शिकलो. मग ते सगळं शिक्षण माहिती भरण्यातच खर्ची पडलं. ऑनलाइन प्रशिक्षणात एकीकडे व्हिडिओ चालू आणि दुसरीकडे तव्यावर भाकरी, हे कुठल्या शिक्षिकेने केलं नाही? प्रमाणपत्र मात्र वेळेवर येतं.

मुलांना तर फोन वापरता येतोच, असं आपण धरून चालतो. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या 2024च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांपैकी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरणारी 76 टक्के, अभ्यासासाठी 57 टक्के. बोट चालतं; बोटामागे डोकं चालतं का, ते असल्या आकड्यांतून कळत नाही.

आमच्या करंज्यात ते शिकवायला पुस्तक लागत नाही. उरण तालुक्याच्या समुद्राकडच्या टोकाला, द्रोणागिरीच्या पायथ्याशी हे कोळ्यांचं गाव, खाडीपलीकडे रेवस. इथल्या बोटींवर जीपीएस आहे, फिश फाइंडर आहे, वायरलेस आहे. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहाने टिपलेल्या समुद्राच्या तापमानावरून आणि पाण्यातल्या हरितद्रव्यावरून मासळी कुठे असेल याचा अंदाज कळवते. तांडेल ते ऐकतो, मग शेजारच्या बोटीला वायरलेसवर विचारतो. परतताना जीपीएसवर बंदर दिसलं तरी पाण्याची खोली बघतो, भरती-ओहोटी बघतो, डोंगर कुठल्या हाताला आला ते बघतो. चौथी पास माणूस एकाच यंत्रावर बोट सोडत नाही. आणि पदवीधर आम्ही एकाच फॉरवर्डवर शाळेला सुट्टी आहे असं मानतो!

म्हणून मुलांना म्हटलं, मेसेजही तसाच तपासा. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. तेव्हाचे उडणाऱ्या पत्र्यांचे व्हिडिओ दर पावसाळ्यात 'आत्ताचं, अलिबाग' म्हणून फिरतात. त्यातलं एक दृश्य थांबवून आम्ही त्याचं चित्र शोधयंत्रात टाकलं. जुन्या बातम्या समोर आल्या. मग हवामान खात्याचं त्या दिवसाचं पान उघडलं. तिथे इशाराच नव्हता. "मग पाठवणाऱ्याला काय मिळतं?" एका मुलाने विचारलं. तासाचा उरलेला वेळ त्यावरच गेला. कुणी लाइकसाठी पाठवतं, कुणी भीतीने, आणि कधीकधी नुसत्या काळजीनेसुद्धा. फॉरवर्ड करणाऱ्या आजीला खोटारडी म्हणायचं नाही, हेही ठरलं.

पुढची पाळी मासेमारी बंदीच्या मेसेजची आली. पश्चिम किनाऱ्यावर ही बंदी 1 जून ते 31 जुलै असते. ती वाढवल्याचा मजकूर, वर राजमुद्रा, खाली सही. मुलांनी तारीख शोधली, खातं शोधलं, आदेशाचा क्रमांक शोधला. क्रमांक नव्हताच. आठवीतल्या एकाने वडिलांच्या फोनवरून थेट नाखव्यांच्या ग्रुपवर विचारलं, "आदेश क्रमांक काय?" वडील संतापले, थोरामोठ्यांत तोंड घालतो म्हणून. ग्रुपवर अंगठे पुष्कळ आले, क्रमांक कुणीच दिला नाही. संध्याकाळी वडिलांनीच मुलाला हाक मारली, त्यांना बोटीच्या विम्याचा एक मेसेज दाखवायचा होता.