भिंतीपलीकडची पहिली

महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात असतात. मैदान एक, नळ एक, फाटकही एकच. अंगणवाडीतलं पोर सहा वर्षांचं झालं की मैदान ओलांडून पहिलीच्या वर्गात जाऊन बसतं. त्याच्या नावाचा कागद मात्र इतक्या सहज पलीकडे जात नाही.

अंगणवाडीताईंची माहिती पर्यवेक्षिकेकडे जाते, तिथून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे, मग जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे आणि शेवटी नवी मुंबईतल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या आयुक्तालयाकडे. शाळेची माहिती केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढत शिक्षण विभागाकडे पोचते. नोंदींसाठी ताईंच्या मोबाइलवर ‘पोषण ट्रॅकर’ असतो, गुरुजींच्या संगणकावर ‘युडायस’. पोर तेच, पण तीन वर्षं त्याचं वजन-उंची टिपणाऱ्या ताईंची नोंद पहिलीच्या बाईंसमोर आपसूक येत नाही. ग्रामीण भागात हे दोन्ही विभाग जिल्हा परिषदेतच असतात, मुख्य कार्यकारी अधिकारीही एकच. तरी फायली आपापल्या दालनांतून फिरत राहतात.

या दोन वाटा जुळवण्याचा विचार आता देशभर सुरू आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने आणि शिक्षण मंत्रालयाने मिळून अंगणवाड्या शाळांच्या आवारात आणण्याबाबत मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, एकट्या महाराष्ट्रात त्या १ लाख १० हजारांच्या आसपास आहेत. त्यातल्या शाळेच्या आवारात किती आल्या हे मोजणं सोपं आहे. आवारात आल्यावर ताई आणि गुरुजी एकमेकांशी किती बोलतात, हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

दुरावा आला कुठून?

याचं उत्तर दोन्ही यंत्रणांच्या जन्मात आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. काळजी होती ती कुपोषणाची आणि बालमृत्यूंची. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिने एका छताखाली आणल्या. त्या सहांत शिक्षण होतं, पण तपासणीला आलेला अधिकारी आधी वजनकाटा आणि आहाराचं रजिस्टर पाहायचा. शाळांचा इतिहास निराळा. महाराष्ट्रात १९६१च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या, १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. त्या शाळांच्या लेखी शिक्षण पहिलीपासून सुरू होत असे.

पुढे कायद्यानेही ही रेघ ठळक केली. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो ६ ते १४ वयाच्या मुलांना. सहा वर्षांखालच्यांसाठी अनुच्छेद ४५मध्ये राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढंच आलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ तीन वर्षांवरच्या मुलांच्या मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाबद्दल बोलतं, पण तशी व्यवस्था शासनाला करता येईल इतकंच म्हणतं. उलट २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतला आहार हा मुलाचा कायदेशीर हक्क केला. म्हणजे चार वर्षांच्या मुलीला खिचडी मिळाली नाही तर आईबापाला कायद्याचं बोट दाखवता येतं. तिला गोष्टी, गाणी, रंग, मणी मिळाले नाहीत तर तसं बोट दाखवायला जागा नाही.

कोसबाडच्या टेकडीवर

पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र नांदवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात दिल्लीच्या कितीतरी आधी होऊन गेला. ताराबाई मोडक यांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासोबत नूतन बालशिक्षण संघाचं काम उभं केलं. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं.

तिथे अडचण वेगळीच निघाली. शाळेत येण्याच्या वयाची मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत नाहीतर गुरं राखत. त्यावर विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. थोरल्या बहिणीने कडेवरचं बाळ पाळणाघरात ठेवावं, मधल्याला बालवाडीत सोडावं आणि स्वतः वर्गात बसावं. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. कोसबाडला हे जमलं त्यामागे बायांची चिकाटी होती, आणि कारभाराचीही एक सोय होती. तिन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या हातात होत्या. पाळणाघरातल्या बाळाच्या बहिणीचं नाव शाळेच्या पटावर चढवायला कोणा दुसऱ्या खात्याची परवानगी लागत नव्हती.

सरकारी योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली. कोसबाडचं हे एकहातीपण मात्र मागे राहिलं.

पटसंख्येची गोष्ट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने ३ ते ८ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा धरला. अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून हा टप्पा होतो. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते, हा त्यामागचा धोरणात मांडलेला आधार. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षभराची पदविका आणि या प्रशिक्षणावर शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्रांची देखरेख असंही धोरणात आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी या टप्प्याचा राष्ट्रीय आराखडा आला, मागोमाग राज्याचाही.

गावातल्या मुख्याध्यापकाला या धोरणाची आच लागते ती वेगळ्या कारणाने. तीन वर्षांचं पोर खाजगी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसलं की ते पुढे जिल्हा परिषदेच्या पहिलीत येण्याची शक्यता कमी. पहिलीचा पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जातं. म्हणून हुशार मुख्याध्यापक मे महिन्यात घरोघरी फिरण्याऐवजी वर्षभर अंगणवाडीत डोकावतो. ताईंचं दुखणंही तेच. त्यांच्या हजेरीपटावरची मुलं आहार घेऊन जातात आणि शिकायला केजीत जातात. दोघांचं हित जिथे जुळतं तिथे सहकार्याला शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

या जुळणीला राज्याने दिलेलं ठोस रूप म्हणजे ‘पहिले पाऊल’. शालेय शिक्षण विभागाने ‘प्रथम’ या संस्थेच्या साथीने २०२२ साली हे शाळापूर्व तयारी अभियान राज्यभर नेलं. पहिलीत येणाऱ्या मुलांचा शाळेत मेळावा भरतो. पहिल्या टेबलावर नोंदणी, मग शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक आणि भाषा विकास, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. पोर कुठे उड्या मारतं, कुठे कागदाची घडी घालतं, कुठे वस्तूंचे गट लावतं, कुठे चित्र पाहून बोलतं. विकासपत्रावर त्याची नोंद होते. आईला घरी करायच्या कृतींची कार्डं मिळतात, वस्तीतल्या आयांचे गट बनतात आणि सुट्टी संपताना दुसरा मेळावा भरतो. त्यात पहिल्या मेळाव्यापेक्षा काय फरक पडला ते दिसतं.

या मेळाव्याची खरी किंमत मांडणीत आहे. यादी अंगणवाडीताईंकडे, जागा शाळेची, टेबलांमागे शिक्षक आणि गावातली तरुण मुलं, उद्घाटनाला सरपंच. शाळेचा उंबरा चढण्याआधीच पहिलीच्या बाईंना त्या मुलाचं नाव, त्याची आई आणि त्याला काय अवघड जातं हे ठाऊक होतं.

किल्ली कोणाकडे?

आवार एक झाल्यावरच्या अडचणी मोठ्या तत्त्वाच्या नसतात, रोजच्या असतात. अंगणवाडीने वर्षाला ३०० दिवस आहार द्यायचा असतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरली पाहिजे. मधल्या दिवसांत फाटकाची किल्ली कोणाकडे? विजेचं बिल कोणी भरायचं? शाळेचं स्वच्छतागृह दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचं असतं, तीन वर्षांच्या मुलीने काय करायचं? एकाच आवारात दोन चुली पेटतात. एकीवर शाळेच्या पीएम पोषण योजनेचा भात शिजतो, दुसरीवर अंगणवाडीचा आहार. धान्याचे हिशेब वेगळे, तपासणारे वेगळे.

या प्रश्नांवर बसून बोलायला हक्काची जागा कमी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला असतात, पण ते पालक शाळेत शिकणाऱ्या मुलांचे. ज्या आईचं एकच मूल अंगणवाडीत आहे, तिला तिथे खुर्ची नाही. अंगणवाडीचा विषय येतो तो गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत, आणि तिथे मुख्याध्यापक दरवेळी असतातच असं नाही. दोन्ही टेबलांवर बसू शकणारी गावातली एकच संस्था उरते, ती म्हणजे ग्रामपंचायत.

तिला तसा आधारही आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येणारे २९ विषय अकराव्या अनुसूचीत घातले. त्यात प्राथमिक शिक्षण आहे आणि महिला व बालविकासही आहे. स्वउत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला आणि बालकांच्या कल्याणावर खर्च करण्याचं बंधन महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींवर आहे. गावाच्या विकास आराखड्यासाठी केंद्राने ठरवलेल्या नऊ संकल्पनांपैकी एक ‘बालस्नेही गाव’ आहे. अंगणवाडीच्या नव्या इमारतीचा खर्च केंद्राने ७ लाखांवरून १२ लाखांवर नेला तेव्हाची वाटणीही बोलकी आहे. ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख वित्त आयोगाच्या अनुदानातून आणि उरलेले २ लाख महिला व बालविकासकडून. पहिल्या दोन्ही वाटा ग्रामपंचायतीवरूनच जातात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. लहान स्वच्छतागृहाचा किंवा कुंपणाचा ठराव तिथे झाला, तर तो आराखड्यात येण्याची शक्यता वाढते.

इतर राज्यांचे धडे

घाई केली तर काय होतं हे पंजाबने दाखवलं. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत पूर्वप्राथमिक वर्ग सुरू झाले. मुलं शाळेने ओढली तर अंगणवाडी रिकामी होईल आणि आपलं काम जाईल या भीतीने सेविका रस्त्यावर उतरल्या. तामिळनाडूने दुसरी वाट धरली. जानेवारी २०१९मध्ये माध्यमिकपूर्व शाळांच्या आवारातल्या २,३८१ अंगणवाड्यांतच एलकेजी-यूकेजीचे वर्ग भरवले. मुलं जागची हलली नाहीत. तिथे अतिरिक्त ठरलेले प्राथमिक शिक्षक या वर्गांवर पाठवले गेले आणि नाराज झाले. मोठ्यांना शिकवायला नेमलेल्याला तीन वर्षांच्या मुलाचं नाक पुसायला लावणं त्यांना पटेना. २०२२मध्ये हे वर्ग बंद करण्याची घोषणा झाली, पालकांनी ओरड केली आणि ती मागे घेतली गेली. केरळने १९९६च्या लोकनियोजन मोहिमेपासून स्थानिक संस्थांच्या हाती बरंच काही सोपवलं. तिथे अंगणवाड्यांच्या कारभारात पंचायतींना खरा वाटा आहे.

महाराष्ट्रात वर्ग कोणाचा यापेक्षा मान कोणाचा हा प्रश्न मोठा आहे. गुरुजींना वेतन मिळतं, ताईंना मानधन. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या, एकाच गटाच्या मुलांना घडवणाऱ्या दोघांच्या महिनाअखेरीत मोठी दरी आहे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या तेव्हा मागण्यांत मानधनवाढ होती, ग्रॅच्युइटीही होती. त्या मागणीमागे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन मगनभाई भरिया विरुद्ध दाहोदचे जिल्हा विकास अधिकारी या खटल्यात न्यायालयाने सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं म्हटलं. त्या निकालाचा एक आधार शिक्षण हक्क कायद्याचं तेच मवाळ कलम ११ होतं. अंगणवाड्यांत पूर्वप्राथमिक शिक्षण दिलं जातं, म्हणून त्या शैक्षणिक कामही करतात, असं न्यायालयाने नोंदवलं. शाळेच्या आवारात अंगणवाडी आणताना शिक्षण विभाग ताईंना शिक्षिका म्हणून वागवणार की आहार वाटणारी म्हणून, या प्रश्नावर न्यायालयाने आपला कल आधीच सांगून ठेवला आहे. पगारपत्रक अजून महिला व बालविकास विभागाकडेच आहे, आणि तिथे ताईंच्या नावापुढे आजही ‘मानधन’च लिहिलं जातं.