मैदान कसे गाऊ लागते?



आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना क्युरपिपच्या जॉर्ज पंचम स्टेडियमवरचे जुने दिवस आठवत असतील. पावसाची भुरभुर चालू आहे, छत्र्या उघड्या आहेत, हातात उकडलेल्या शेंगांची पुडी आहे आणि हजारो कंठांतून एकच आरोळी उठते आहे. घरी बसलेली आजीसुद्धा आवाज ऐकून सांगे, "झाला गोल!" अलीकडच्या वर्षांत आपल्या लीगच्या सामन्यांना प्रेक्षक तुरळकच असतात. आपली मुले शनिवार-रविवार टेलिव्हिजनसमोर बसून इंग्लंडमधले सामने पाहतात. मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या प्रेक्षकांची गाणी त्यांना तोंडपाठ आहेत. मात्र स्वतःच्या गावच्या संघासाठी गायचे एकही गाणे त्यांना ठाऊक नाही.

मग मनात प्रश्न येतो : मुके झालेले मैदान पुन्हा गाते करता येते का? की ते गाणे शंभर-सव्वाशे वर्षांच्या परंपरेतूनच यावे लागते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आज आम्ही वाचकांना इंग्लंडला नेणार नाही. जिथे फुटबॉल हा पाहुणा खेळ समजला जाई, त्या अमेरिकेत नेणार आहोत. ज्या घरात गाणे नव्हतेच, तिथे ते कसे आले हे पाहिले तर आपल्यालाही काही शिकता येईल.

अमेरिकेची सध्याची मोठी लीग, मेजर लीग सॉकर, १९९६ साली सुरू झाली. तेव्हा बहुतेक संघांना स्वतःचे मैदान नव्हते. अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलसाठी बांधलेल्या अवाढव्य स्टेडियममध्ये ते भाड्याने खेळत. लॉस एंजेलिसचा संघ खेळे त्या रोझ बोलमध्ये तर नव्वद हजारांहून अधिक माणसे मावत. अशा ठिकाणी वीस हजार लोक आले तरी लग्नाच्या मोठ्या मांडवात चार पाहुणे बसल्यासारखे दिसे. आवाज उठे आणि रिकाम्या खुर्च्यांत विरून जाई. १९९९ साली कोलंबस शहरात पहिले खास फुटबॉलचे, सुमारे वीस हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले. माणसे जवळजवळ बसली तरच आवाजाला आवाज मिळतो, हा पहिला धडा तिथून मिळाला.

पण नुसत्या विटा-सिमेंटने गाणे येत नाही. त्यासाठी आपण पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरी जाऊ. या शहराची वस्ती आपल्या बेटाच्या जवळपास निम्मी आहे. भोवती मोठमोठी जंगले, आणि लाकडाचा धंदा हा तिथला जुना व्यवसाय. म्हणून १९७५ साली स्थापन झालेल्या फुटबॉल संघाचे नाव 'टिंबर्स', म्हणजे इमारती लाकूडवाले, असे ठेवले गेले. १९२६ साली उघडलेले त्यांचे मैदान शहराच्या मध्यातच आहे. आज ते प्रॉव्हिडन्स पार्क या नावाने ओळखले जाते.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस जिम सेरिल नावाचा एक खराखुरा लाकूडतोड्या या मैदानावर यांत्रिक करवत घेऊन अवतरला. लोक त्याला 'टिंबर जिम' म्हणू लागले. तो दोरीला लटके, ढोल वाजवी आणि लोकांना ओरडायला लावी. १९८२ साली तो जुना संघ बंद पडला. २००१ साली खालच्या लीगमध्ये त्याच नावाचा संघ पुन्हा उभा राहिला, तेव्हा जिमही परतला. त्याच वर्षी १०७ क्रमांकाच्या विभागात मोजकीच माणसे एकत्र उभी राहून गाऊ लागली. कोणी त्यांना बोलावले नव्हते, कोणी पगार दिला नव्हता. पुढे हीच मंडळी 'टिंबर्स आर्मी' म्हणून प्रसिद्ध झाली आणि उत्तरेकडचा सारा भाग त्यांच्या आवाजाने भरून गेला. १०७ हा आकडा आजही त्यांनी आपल्या संस्थेच्या नावात जपून ठेवला आहे.

२००४ साली टिंबर जिमची तरुण मुलगी मोटार अपघातात गेली. अशा दुःखात माणूस दार लावून घरात बसतो. जिम मैदानावर आला. त्याने प्रेक्षकांबरोबर 'यू आर माय सनशाइन' हे अमेरिकेतल्या घराघरात ठाऊक असलेले साधे गाणे म्हटले. तेव्हापासून तिथल्या सामन्यात ८० व्या मिनिटाला हे गाणे म्हटले जाते. संघ जिंकत असो वा हरत असो, गाण्यात खंड नाही. जिम २००८ साली निवृत्त झाला, दुसऱ्याने करवत हाती घेतली, पण गाणे राहिले. गोल झाला की आजही मोठ्या ओंडक्याची एक चकती कापली जाते आणि सामन्यानंतर ती गोल करणाऱ्या खेळाडूला देतात.

वाचकहो, हे सगळे कोणत्या कचेरीत ठरवता आले असते का? कोणत्या जाहिरात कंपनीने त्या बापाचे दुःख विकत आणले असते का? प्रेक्षकांच्या गाण्यामागे त्या गावाची आठवण असावी लागते, तर ते टिकते.

तरीही सारे दैवावर सोडून द्यावे असे नाही. क्लबला आणि प्रेक्षकांना करता येण्याजोग्या काही गोष्टी अमेरिकेत दिसतात आणि त्या आपल्याला नवीन वाटणार नाहीत.

पहिली गोष्ट जागेची. गाणारी माणसे स्टेडियमभर विखुरली तर प्रत्येकजण लाजतो. ती एकत्र, उभी राहू शकतील अशा ठिकाणी असावीत. पोर्टलंडला उत्तरेच्या भागात क्रमांकाच्या खुर्च्यांचा आग्रह नाही. जो आधी येईल तो हवी ती जागा घेतो. वरच्या छपरावर आदळून आवाज परत मैदानात येतो. लॉस एंजेलिसच्या एलएएफसी या क्लबने २०१८ साली नवे स्टेडियम उघडले तेव्हा गाणाऱ्यांसाठी ३४ अंशांच्या चढाचा, उभे राहण्याचा एक भागच बांधला. तिथे ३,२५२ जणांची सोय आहे आणि त्यावरून त्या मंडळींचे नावही '३२५२' असेच पडले. या आकड्यांची बेरीज करा, बारा येते. संघात खेळाडू अकरा, आणि बारावा प्रेक्षक!

दुसरी गोष्ट म्होरक्याची. आपल्याकडे गणपतीत झाकरी उभी राहते तेव्हा एकजण ओळ सांगतो आणि बाकीचे ती उचलतात. ढोलकीवाला चुकला तर पाय चुकतात, आणि सांगणारा नसला तर चार जण चार गाणी सुरू करतात. अमेरिकेतल्या स्टेडियममध्येही असाच म्होरक्या असतो. त्याला ते 'कापो' म्हणतात. तो उंच चौथऱ्यावर, खेळाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभा राहतो. विचार करा, ज्या संघावर जीव ओवाळून टाकायचा त्याचा खेळ तो स्वतः धड पाहूसुद्धा शकत नाही! कीर्तनाला आलेल्यांसाठी दिवसभर स्वयंपाकघरात राबणाऱ्या आपल्या काकी-मावशींची आम्हाला इथे आठवण होते.

तिसरी गोष्ट दार उघडे ठेवण्याची. टिंबर्स आर्मीत सामील व्हायला आधी सभासद व्हावे लागत नाही. येऊन उभे राहिले आणि गाऊ लागले की झाले. मोठमोठे चित्रपडदे स्वयंसेवक हाताने रंगवतात आणि पैसा आपसांत उभा करतात. बायका, मुले, म्हातारी माणसे या गर्दीत असतात. २०१३ साली पोर्टलंडचा महिलांचा संघ 'थॉर्न्स' सुरू झाला, तेव्हा पहिल्याच हंगामात घरच्या सामन्यांना सरासरी तेरा हजारांहून अधिक प्रेक्षक आले आणि त्यांच्यासाठीही गाणारी फळी उभी राहिली. फिलाडेल्फियात तर आणखी नवल घडले. 'सन्स ऑफ बेन' या नावाची चाहत्यांची मंडळी २००७ साली जमली, तेव्हा तिथे क्लबच नव्हता! संघ नाही, मैदान नाही, पण पाठीराखे तयार. २००८ साली शहराला संघ मंजूर झाला आणि २०१० साली तो खेळू लागला. गाणे आधी जन्मले आणि संघ मागून आला.

चौथी गोष्ट शब्दांची. तोंडाला लगाम नसेल तर गाण्याची शिवी व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेतही कित्येक मैदानांवर प्रतिस्पर्धी गोलरक्षकाने चेंडू मारताच सारे मिळून एक घाणेरडी शिवी देत. लहान मुलांना घेऊन आलेले आईबाप शरमेने मान खाली घालत. न्यू यॉर्कच्या रेड बुल्स क्लबने २०१३ साली तर ही शिवी बंद करावी म्हणून चाहत्यांच्या मंडळांना पैसे देऊ केले. आम्हाला हा उपाय काही पटत नाही. लाच देऊन मिळवलेले सभ्य वर्तन लाच थांबताच संपते. खरा इलाज म्होरक्याच्या हाती असतो. तो त्याच क्षणी दुसरे चांगले गाणे उचलतो आणि शिवीला जागाच उरत नाही.

आता क्लबचालकांनी लक्षात ठेवण्याजोगी एक घटना सांगतो. नाझींविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका जुन्या जर्मन संघटनेचे, 'आयर्न फ्रंट'चे, तीन बाणांचे चिन्ह टिंबर्स आर्मी आपल्या झेंड्यांवर वापरत असे. २०१९ साली लीगने ते राजकीय ठरवून त्यावर बंदी घातली. २३ ऑगस्ट २०१९ रोजी पोर्टलंडला सिएटल संघाशी सामना होता. ही दोन शहरे म्हणजे फुटबॉलातले जुने हाडवैरी. त्या रात्री पोर्टलंडच्या गाणाऱ्या फळीने पहिली ३३ मिनिटे तोंडातून आवाज काढला नाही, कारण ती संघटना १९३३ साली मोडून काढण्यात आली होती. सिएटलहून आलेले पाठीराखेही त्यांच्या मौनात सामील झाले. ३३ मिनिटे संपली आणि मैदान पुन्हा दुमदुमले. महिनाभरात लीगने बंदी मागे घेतली.

झेंड्यावर काय असावे याबद्दल मतभेद असू शकतात. पण त्या शांततेने एक गोष्ट दाखवली. गाण्यावर मालकी क्लबची नसते. ती गाणाऱ्यांची असते. ध्वनिक्षेपक कितीही मोठा लावला तरी तो रुसलेल्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. ज्याला गप्प बसण्याचे स्वातंत्र्य आहे, त्याच्याच गाण्याला मोल आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे गाणे कधी नव्हते असे नाही. ते दुभंगलेले होते. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स अशी आपल्या संघांची नावे होती. पुढे नावे बदलली, पण मने तितकी बदलली नाहीत. जो तो आपल्या जातीधर्मासाठी ओरडे. २३ मे १९९९ रोजी स्काउट्स आणि फायर ब्रिगेड यांच्या सामन्यानंतर दंगल उसळली. पोर्ट लुईच्या लामिकाल जुगारगृहाला लागलेल्या आगीत सात माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर लीग थांबवण्यात आली आणि संघांची गावोगावच्या पायावर नव्याने उभारणी झाली. ते योग्यच झाले. पण गावाच्या नावाचा संघ तयार झाला, गावाचे गाणे मात्र तयार झाले नाही. त्या आगीच्या धाकाने आपण मैदानाकडेच पाठ फिरवली.

आम्हाला वाटते, पोर्टलंडचा धडा इथेच आपल्या कामाचा आहे. तिथे लोक गातात ते आपल्या शहरासाठी, लाकडाच्या जुन्या धंद्यासाठी आणि एका बापाच्या दुःखासाठी. तिथे उभे असताना शेजारचा कोणत्या देवळात जातो हे कोणी विचारत नाही. एलएएफसीच्या फळीत इंग्रजी आणि स्पॅनिश गाणी शेजारी शेजारी चालतात. आपल्या बेटावर तर क्रिओल सर्वांच्या तोंडी आहे. भोजपुरी, मराठी, तमिळ आणि तेलुगू ठेके आहेत, सेगाचा रावान आहे. झाकरीची ढोलकी आणि रावान एका बाकावर शेजारी वाजू लागले तर त्या आवाजाला कोणत्या जातीचे नाव देणार?

सुरुवात मोठी असण्याची गरज नाही. १०७ क्रमांकाच्या विभागातही आधी मोजकीच माणसे होती. गावातल्या संघाचा पुढचा सामना असेल तेव्हा आपल्या मंडळातल्या चार तरुणांनी ढोलकी घेऊन जावे. शेजारच्या वस्तीतल्या चौघांना बोलवावे. तोंडात येईल असे, दोन ओळींचे, कोणाला न दुखावणारे एक गाणे गावाच्या नावाने रचावे. आजोबांनी नातवाला बरोबर न्यावे आणि जुन्या सामन्यांच्या चांगल्या गोष्टी सांगाव्यात. वाईट काय झाले तेही लपवू नये.

पहिल्या दिवशी लोक हसतील, मागे वळून पाहतील. हसू द्या. दुसऱ्या वेळी त्यांतलाच एखादा टाळी धरील. गणपतीच्या रात्री आपण हे कितीदा अनुभवले आहे! एकाने ओळ उचलली की दुसरा गप्प बसू शकत नाही.