घराण्यात कुणालाच नाही, मग बाळालाच ऐकू का येत नाही?

"आमच्या दोन्ही घरांत असं कुणीच नाही. मग बाळाला कुठून आलं?"

उमेळ्याच्या एका जोडप्याने बाळाला घेऊन नायगावहून लोकल पकडली आणि वांद्रे रेक्लेमेशनच्या अली यावर जंग संस्थेत ते पोहोचले, असं समजा. वाचा आणि श्रवण या विषयांतली ही राष्ट्रीय संस्था 1983 पासून मुंबईत आहे. इथे किंवा कुठेही, हा प्रश्न अनेकदा पहिल्यांदा ऐकतो तो ऑडिओलॉजिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट. म्हणूनच त्यांना जनुकशास्त्र यायला हवं.

जन्मजात श्रवणदोषांपैकी निम्म्याहून अधिक जनुकीय असतात आणि त्यातल्या बहुतेक बाळांच्या आई-वडिलांना व्यवस्थित ऐकू येतं. कसं? प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. आई आणि बाबा दोघांकडेही एकाच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असेल, तर बाळाला दोन्ही बिघडलेल्याच मिळण्याची शक्यता 4 पैकी 1. ती प्रत्येक गरोदरपणात तितकीच राहते. 'एकाला झालं, आता पुढची तीन सुटली' हा हिशेब चुकीचा. सुनेला बोल लावणाऱ्यांसाठी: यात अर्धा वाटा मुलाचा असतो. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर शक्यता वाढते, कारण बिघडलेली प्रत एकाच आजी-आजोबांकडून आलेली असू शकते.

कोणतं जनुक, यावर काय अवलंबून?

बरंच काही. भारतात जीजेबी-2 या जनुकातला बिघाड वारंवार सापडतो. त्यात कानाची नस सहसा शाबूत असते, त्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो.

ओटीओएफ जनुकाची गोष्ट फसवी आहे. कानातल्या पेशी आवाज टिपतात, पण तो नसेपर्यंत पोहोचवत नाहीत. नवजात बाळाची ओएई चाचणी मग 'पास' येते! बेरा चाचणीत हे पकडलं जातं. आई 'हाक मारली तरी बघत नाही' म्हणत असेल, तर ओएईच्या कागदावर विसंबून तिला घरी पाठवू नये.

ऐकू न येणारं मूल रडताना किंवा धावताना बेशुद्ध पडत असेल, तर ईसीजी हवाच. जर्वेल-लँग-नील्सन या दुर्मीळ आजारात हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीव जाऊ शकतो. क्षयाच्या इंजेक्शनांनंतर मामा-मावशींचं ऐकणं गेलं होतं का, हेही विचारायचं. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिनसारख्या औषधांनी कान जाण्याचा धोका वाढवणारा एक बदल फक्त आईकडून पुढे जातो. तो वेळीच कळला तर बाकीच्या भावंडांचे कान वाचतात.

निदान थेरपिस्टने करायचं नाही. तीन पिढ्यांची वंशावळ काढायची, शंका आली तर जनुकीय समुपदेशकाकडे पाठवायचं. अहवाल यायला आठवडे लागू शकतात. तोवर श्रवणयंत्र आणि थेरपी थांबवायची नाही. बाळ सहा महिन्यांचं होण्याआधी ती सुरू व्हायला हवी.