बिल नाही, म्हणून नोंद नाही!
मोठ्या कंपन्यांना ‘ओपन सोर्स’ सॉफ्टवेअरचा कारभार का जमत नाही?

इक्विफॅक्स ही अमेरिकेतील नागरिकांची पत ठरविणारी कंपनी. कोणी किती कर्ज घेतले, किती फेडले, हप्ते कोठे चुकले, याची नोंद ती ठेवते आणि बँका त्या नोंदीवर विसंबून कर्ज देतात. या कंपनीच्या संकेतस्थळाचा एक भाग ‘अपाची स्ट्रट्स’ नावाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर उभा होता. ७ मार्च २०१७ रोजी या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी असल्याचे जाहीर झाले. त्रुटी दूर करणारी सुधारित आवृत्तीही त्याच वेळी, अर्थातच विनामूल्य, उपलब्ध होती. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने इशारा पाठविला. ९ मार्चला कंपनीत चारशेहून अधिक जणांना ई-मेल गेला, की ४८ तासांत दुरुस्ती करावी.

दुरुस्ती झाली नाही. ज्यांना ई-मेल पाठवावयाचा त्यांची यादी जुनी होती आणि प्रत्यक्ष दुरुस्ती करणाऱ्यांपर्यंत तो पोहोचलाच नाही, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने पुढे नमूद केले. काही दिवसांनी कंपनीने आपल्या संगणकांची झडती घेतली, तिलाही ‘स्ट्रट्स’ सापडले नाही. मेच्या मध्यास चोर आत शिरले आणि जुलैच्या अखेरपर्यंत आतच होते. सुमारे १४ कोटी ७० लाख अमेरिकी नागरिकांची माहिती त्यांच्या हाती लागली. कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीत ७० कोटी डॉलरपर्यंत रक्कम मोजण्याचे कंपनीने मान्य केले.

यात ओपन सोर्सचा दोष किती? त्रुटी महागड्या, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही निघतात. येथे तर दुरुस्तीही तत्परतेने मिळाली होती. आपल्या घरात ही वस्तू नेमकी कोठे ठेवली आहे, हेच घरमालकाला ठाऊक नव्हते.

वाद संपला, प्रश्न उरला

ज्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ आज्ञा, कोणालाही पाहता, वापरता, बदलता आणि पुढे देता येतात, ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर. लिनक्स हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ओपन सोर्सवाल्यांचा जणू चावडीवजा अड्डा असलेली ‘गिटहब’ ही कंपनी साडेसात अब्ज डॉलरना घेतली. आयबीएमने २०१९ मध्ये ‘रेड हॅट’साठी ३४ अब्ज डॉलर मोजले. भारत सरकारनेही २०१५ मध्ये आपल्या ई-प्रशासन प्रकल्पांसाठी ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. तेव्हा ‘वापरावे की वापरू नये’ हा वाद आता निकालात निघाला आहे.

उरलेला प्रश्न कारभाराचा आहे, आणि त्याचे मूळ खरेदी विभागात दडलेले आहे. एखादी बँक डेटाबेस विकत घेते तेव्हा निविदा निघते, करार होतो, बिल येते, दरवर्षी देखभालीचे शुल्क भरावे लागते. पाच वर्षांनी कोणी विचारले, तर निदान फाइल तरी सापडते. ओपन सोर्सचे तसे नाही. एखाद्या प्रोग्रॅमरला तारखांची मांडणी करणारा कोडचा तुकडा हवा असतो, तो इंटरनेटवरून मिनिटभरात उतरवून घेतो आणि कामाला लागतो. त्या तुकड्याच्या पोटात दुसरे तुकडे असतात, त्यांच्या पोटात आणखी. कोणाची स्वाक्षरी नाही, बिल नाही, म्हणून नोंदही नाही. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून घेतलेला हा शिधा कोणत्या डब्यात गेला, हे वर्षभराने त्या प्रोग्रॅमरलाही सांगता येत नाही; बहुधा तोवर तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

डिसेंबर २०२१ मध्ये याचा पडताळा साऱ्या जगाला आला. ‘लॉग४जे’ हा जावा भाषेतील एक साधा घटक. सॉफ्टवेअरमध्ये काय काय घडले याची रोजनिशी लिहिणे एवढेच त्याचे काम. मात्र दूरवरच्या माणसाला आपला सर्व्हर ताब्यात घेता येईल अशी त्रुटी त्यात निघाली. तीव्रतेच्या मोजपट्टीवर तिला दहापैकी दहा गुण मिळाले. दुरुस्ती अवघड नव्हती. हा घटक आपल्याकडे कोठे कोठे आहे, हे शोधणे अवघड होते. अमेरिकेच्या एका केंद्रीय खात्याने या कामी ३३ हजार तास खर्च केल्याचे तेथील चौकशी मंडळाच्या २०२२ च्या अहवालात नोंदले आहे. एकट्या कर्मचाऱ्याने कामाच्या दिवशी आठ तास या हिशेबाने ते केले असते, तर सोळा वर्षे लागली असती.

गोदाम, यादी आणि जबाबदार माणूस

यावर काही कंपन्यांनी उपाय योजले आहेत. गुगलने २००४ मध्येच ओपन सोर्ससाठी स्वतंत्र कार्यालय सुरू केले आणि पुढे अनेकांनी तोच मार्ग धरला. या कार्यालयाचे काम रुक्ष आहे, पण अत्यंत मोलाचे. पहिले म्हणजे घटकसूची. औषधाच्या वेष्टनावर जसे घटक छापलेले असतात, तशी प्रत्येक सॉफ्टवेअरमागे कोणते घटक, कोणत्या आवृत्तीचे, याची यादी. ही यादी हाताने लिहिण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअर तयार होताना ती यंत्रानेच तयार करावी लागते, नाहीतर आठवड्यातच शिळी होते. दुसरे, कंपनीचे स्वतःचे गोदाम. प्रोग्रॅमरने थेट बाहेरून काही न घेता, तपासून ठेवलेले घटक या गोदामातूनच घ्यावयाचे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा घटक त्याच्या लेखकाने रागाच्या भरात इंटरनेटवरून काढून घेतला, तेव्हा जगभरची कामे अडली होती. ज्यांच्या गोदामात त्याची प्रत होती, त्यांना त्याची झळ लागण्याचे कारण नव्हते. तिसरे, प्रत्येक घटकामागे एक जबाबदार व्यक्ती. इक्विफॅक्समध्ये उणीव होती ती याचीच. कंपनीच्या माजी प्रमुखांनी संसदीय समितीपुढे एका कर्मचाऱ्याकडे बोट दाखविले खरे. परंतु १४ कोटी लोकांची माहिती एकाच माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडणारी व्यवस्था कोणी उभी केली, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

परवान्याचा मुद्दा याहून किचकट आहे. फुकट म्हणजे बिनशर्त नव्हे. लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो, की हे सॉफ्टवेअर घालून तुम्ही वस्तू विकली, तर त्याचा सोर्स कोड, तुम्ही केलेल्या बदलांसह, ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागेल. सिस्को कंपनीने २००३ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलरना लिंक्सिस ही कंपनी विकत घेतली. लिंक्सिसच्या लोकप्रिय राउटरमध्ये लिनक्स असल्याचे हौशी मंडळींनी त्याच वर्षी शोधून काढले आणि सोर्स कोडची मागणी लावून धरली. सिस्कोने तो खुला केला; त्यातूनच ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प जन्माला आला. तरीही इतर उत्पादनांबाबतच्या तक्रारी संपल्या नाहीत. अखेर डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने न्यायालयात धाव घेतली आणि २००९ मध्ये तडजोड झाली. या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्यासाठी खास अधिकारी नेमण्याचे त्यात ठरले. आख्खी कंपनी विकत घेताना तिच्या पोटातील परवानेही सोबत येतात, हे वकिलांनी तेव्हापासून ध्यानात ठेवले आहे.

शिवाय परवाना बदलूही शकतो. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या ‘टेराफॉर्म’ या साधनाचा परवाना कडक केला. नाराज वापरकर्त्यांनी जुन्या कोडवरून ‘ओपनटोफू’ नावाची वेगळी चूल मांडली.

देखभाल कोणाच्या जिवावर?

एवढे सगळे करूनही एक गोष्ट कंपनीच्या हाताबाहेर राहते, आणि ती म्हणजे हे सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसे. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघडकीस आली तेव्हा कळले, की इंटरनेटवरील असंख्य व्यवहार ज्याच्या भरवशावर चालतात त्या ‘ओपनएसएसएल’ला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या आयत्या बिळावर नागोबा होऊन बसल्या होत्या, असेच म्हणावे लागेल. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने डझनभर कंपन्यांनी दरवर्षी प्रत्येकी एक लाख डॉलर देण्याचे ठरविले. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, ‘एक्सझेड’ या घटकात चोरदरवाजा सापडला. तो बसविणाऱ्याने थकलेल्या, एकट्या पडलेल्या देखभालकर्त्याचा विश्वास दोन वर्षांहून अधिक काळ मदतीचे सोंग आणून संपादन केला होता. मायक्रोसॉफ्टच्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होण्यास अर्धा सेकंद जास्त का लागतो, याची रुखरुख लागली, म्हणून ते उघडकीस आले. बंगळुरूच्या झेरोधा या शेअर दलाल कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. आपल्याकडे असे दाते थोडेच.

पैसे देणे हाच एक मार्ग आहे असेही नाही. कंपन्या पुष्कळदा ओपन सोर्समध्ये स्वतःपुरते बदल करतात आणि ते जवळच ठेवतात. मग प्रत्येक नवी आवृत्ती आली, की ते बदल पुन्हा बसविणे आले. दोन-तीन वर्षांत कंटाळा येतो आणि कंपनी जुन्या, धोकादायक आवृत्तीवर अडकून पडते. तोच बदल मूळ प्रकल्पाकडे पाठविला आणि तेथे स्वीकारला गेला, तर त्याची देखभाल सर्व मिळून करतात. याला दानधर्म म्हणण्याचे कारण नाही. हा शुद्ध व्यवहार आहे.

जे स्वेच्छेने झाले नाही ते आता नियमाने होऊ घातले आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘सेबी’ने ऑगस्ट २०२४ मधील सायबर सुरक्षाविषयक आराखड्यात, आपल्या देखरेखीखालील संस्थांच्या महत्त्वाच्या प्रणालींसाठी घटकसूचीची अट घातली. युरोपीय महासंघाच्या कायद्यातील मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. युरोपला सॉफ्टवेअरसह उत्पादने विकणाऱ्या येथील कंपन्यांनाही त्यात काय काय आहे, ते तोवर शोधून काढावे लागेल.