सातत्याचे माप : चतुर्थक

'अमुक फलंदाजाच्या खेळात सातत्य आहे,' असे आपण सहज बोलून जातो. परंतु ते मोजावे कसे, असे कोणी विचारले की निरुत्तर होतो. सरासरी येथे पुरी पडत नाही, कारण एकाच मोठ्या खेळीने ती फुगते. यासाठी संख्याशास्त्रात चतुर्थकांची योजना आहे. तिची ओळख आम्ही एका उदाहरणाने करून देतो.

१९७१ साली भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध प्रथमच कसोटी मालिका जिंकली. तीत मुंबईचे सुनील गावसकर आणि मडगावी जन्मलेले दिलीप सरदेसाई प्रत्येकी आठ डाव खेळले. त्यांच्या धावा चढत्या क्रमाने मांडू. (गावसकर तीन डावांत नाबाद होते, त्या धावा आहेत तशाच धरल्या आहेत.)

गावसकर : १, ६४, ६५, ६७, ११६, ११७, १२४, २२०.

सरदेसाई : ३, २१, २४, ४५, ७५, ११२, १५०, २१२.

सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा केल्यास विस्तार मिळतो. गावसकरांचा विस्तार २१९, तर सरदेसाईंचा २०९. म्हणजे सरदेसाईंचा खेळ अधिक एकसारखा होता काय? तसे नव्हे. विस्तार केवळ दोन टोके पाहतो. मधल्या सहा डावांविषयी तो मौन पाळतो.

आता प्रत्येक मांडणीचे दोन समान भाग करू. खालच्या चार संख्यांपैकी मधल्या दोहोंची सरासरी हा पहिला चतुर्थक, आणि वरच्या चारांपैकी मधल्या दोहोंची सरासरी हा तिसरा. दुसरा चतुर्थक म्हणजे संपूर्ण मांडणीचा मध्यक होय. गावसकरांचे पहिला व तिसरा चतुर्थक ६४.५ व १२०.५, अंतर ५६. सरदेसाईंचे २२.५ व १३१, अंतर १०८.५. हे अंतर जितके कमी, तितके सातत्य अधिक. गावसकरांनी २२० ऐवजी ३०० धावा काढल्या असत्या, तरी त्यांचे अंतर ५६ च राहिले असते, हा या मापाचा मोठा गुण.

मात्र माप म्हणजे मोल नव्हे. किंग्स्टन येथे ७५ धावांत भारताचे पाच गडी बाद झाले असता सरदेसाईंनी २१२ धावा काढून डाव सावरला. ती घटका कोणत्याही चतुर्थकात दिसत नाही.

विद्यार्थिमित्रांनी वर्षभरातील आपले गुण असेच मांडून पाहावेत. एखाद्या पेपरातील अपयशाने खचण्यापूर्वी आपले मधले गुण काय सांगतात, हे ऐकून घेणे बरे.