परवलीचा शब्द आणि शाळेतील संगणक

लष्कराच्या छावणीत किंवा किल्ल्याच्या दरवाजावर रात्री पहारा करणाऱ्या शिपायास अंधारातून येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नसे. म्हणून तो एक शब्द विचारी. ठरवून दिलेला शब्द ज्यास सांगता येई तो आपला, ज्यास येत नसे तो परका, असा सरळ हिशेब होता. या शब्दास मराठीत परवलीचा शब्द म्हणतात. संगणकावर काम सुरू करण्यापूर्वी जो गुप्त शब्द टंकावा लागतो, त्यासाठी ‘पासवर्ड’ हे नाव आता घरोघरी रुळले आहे. परंतु जुना मराठी शब्द अधिक बोलका आहे. संगणकाची स्थिती त्या पहारेकऱ्याहून फारशी वेगळी नाही. बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखणारी यंत्रे निघाली आहेत हे खरे. तथापि शाळेच्या संगणक-कक्षातील साध्या यंत्रास समोर कोण बसले आहे हे कळत नाही. ते माणसास ओळखत नाही, शब्दास ओळखते. ज्याच्या नावाचा शब्द टंकला गेला, त्याने ते काम केले असे ते धरून चालते. शाळेतील संगणकाच्या वापराविषयी जे नियम भिंतीवर लावलेले असतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

संगणकास अशा शब्दाची गरज आरंभी नव्हती. एका वेळी एकच काम यंत्रापुढे ठेवले जाई, ते संपले की दुसऱ्याची पाळी येई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात एक निराळी पद्धत चालवून दाखविली. तिच्यात यंत्राचा वेळ अत्यंत लहान तुकड्यांत वाटून अनेकांस आळीपाळीने दिला जाई, आणि प्रत्येकास यंत्र जणू आपल्या एकट्याचेच आहे असे वाटे. ‘कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टीम’ असे तिचे नाव. यंत्र एक आणि धनी अनेक, अशी स्थिती होताच प्रत्येकाचे कागद वेगळे ठेवण्याचा प्रश्न उभा राहिला. त्यावर योजलेला उपाय म्हणजे प्रत्येकाचे वेगळे खाते आणि त्या खात्याचा परवलीचा शब्द. तेव्हा हा शब्द जन्मला तो चोराच्या भीतीने नव्हे, तर एकत्र राहण्याच्या सोयीसाठी. वाड्यातील बिऱ्हाडांना वेगवेगळी कुलुपे असावीत, तसा तो प्रकार होता.

ती कुलुपे फार दिवस टिकली नाहीत. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्यास यंत्रावर आठवड्याला चार तास मिळत. त्याच्या प्रबंधास तेवढे पुरेनात. एका कार्डावर योग्य ती भोके पाडून दिली की हवी ती फाईल छापून मिळते, हे त्यास ठाऊक होते. १९६२ मध्ये एका शुक्रवारी रात्री त्याने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची फाईल मागविली आणि शनिवारी पहाटे छापील यादी उचलून नेली. मग तो दुसऱ्यांच्या नावांवर आपले काम करू लागला. इतकेच करून तो थांबला नाही. ते शब्द त्याने इतरांसही दिले, आणि त्यांतील एकाने प्रयोगशाळेच्या संचालकांच्या खात्यात शिरून टवाळीचे संदेश ठेवले. शेरने हे सारे उघड सांगितले ते सुमारे २५ वर्षांनंतर. कोणाचे काही चोरावे असा त्याचा हेतू नव्हता, त्यास केवळ वेळ हवा होता, हे समर्थन पुष्कळांस पटण्याजोगे वाटेल. परंतु तो वेळ दुसऱ्या कोणाच्या वाट्याचा होता, आणि यादी एकदा हातातून सुटल्यावर तिचे पुढे काय होईल हे त्याच्या ताब्यात राहिले नाही.

त्याच यंत्रावर त्या दशकाच्या मध्यास घडलेला दुसरा प्रसंग याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. काम सुरू करणाऱ्या प्रत्येकास त्या दिवसाची सूचना टंकून येत असे. दोन माणसे एकाच वेळी दोन फाईली दुरुस्त करीत असता, मधल्या कामासाठीच्या तात्पुरत्या फाईलीचे नाव दोहोंसाठी एकच असल्यामुळे अदलाबदल झाली; आणि जो कोणी येई त्यास सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापून मिळू लागले. शुक्रवारची सायंकाळ होती, पाचचा सुमार. हे ज्याच्या दृष्टीस प्रथम पडले त्याने यादी घडी घालून खिशात ठेवली नाही. त्याने मुद्दाम अशी एक आज्ञा यंत्रास दिली की ते सबंध यंत्रच बंद पडले, आणि शब्द बाहेर जाणे थांबले. मग सर्वांना नवे शब्द घ्यावे लागले. शाळेतील एखाद्या विद्यार्थ्यास कक्षातील यंत्रात असे भगदाड दिसले, तर यंत्र पाडण्याचे कारण नाही. शिक्षकांस तत्काळ सांगणे पुरे. मात्र असे सांगणाऱ्यास आधी संशयित समजण्याची जी रीत काही ठिकाणी दिसते, ती सोडली नाही, तर पुढचा विद्यार्थी सांगणार नाही, हेही शाळांनी ध्यानात घ्यावयास हवे.

या दोन्ही प्रसंगांतील खरा दोष असा की शब्द जसेच्या तसे साठविलेले होते. पुढे यावर एक युक्ती निघाली. जात्यात गहू घातला की पीठ निघते, पण पिठापासून पुन्हा गहू करता येत नाही. गणितातही अशी जाती आहेत. संगणक परवलीचा शब्द दळून त्याचे पीठ तेवढे जपून ठेवतो. पुढच्या वेळी टंकलेला शब्द पुन्हा दळतो आणि दोन पिठे जुळतात का ते पाहतो. पिठाची फाईल चोरीस गेली तरी मूळ शब्द सहजासहजी मिळत नाहीत. दोघांनी योगायोगाने एकच शब्द निवडला तर पीठही एकच निघेल, म्हणून दळण्यापूर्वी प्रत्येकात निराळी चिमूट घालतात. तिला तज्ज्ञ मंडळी चक्क ‘मीठ’ असेच म्हणतात.

जाते कितीही चांगले असले तरी दाणा ओळखीचा असेल तर चोर तोच दाणा आपल्या जात्यात घालून पाहतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ परवलीच्या शब्दांची तपासणी दिलेली आहे. त्यांपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, सहज शोधता येण्याजोगे निघाले. १५ जणांनी तर एकच अक्षर ठेवले होते. इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांतून सहा अक्षरांचे ३०,८९,१५,७७६ शब्द होतात. हा आकडा मोठा दिसतो. परंतु सेकंदाला एक कोटी शब्द तपासणारे यंत्र असेल, तर सारे शब्द ३१ सेकंदांत संपतात. त्याच यंत्रास बारा अक्षरांचे सर्व शब्द तपासण्यास सुमारे ३०० वर्षे लागतील. लांबी दुप्पट केली, काळ तीस कोटी पटींनी वाढला! अर्थात अक्षरे यदृच्छेने निवडली असतील तरच हा हिशेब लागू पडतो. शाळेचे नाव, स्वतःचे नाव आणि पुढे १२३ असा शब्द कितीही लांब असला तरी चोर त्यापासूनच आरंभ करतो. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेले वाक्य लक्षात राहते आणि शोधणेही कठीण जाते. दर महिन्याला शब्द बदलण्याची सक्ती अनेक संस्थांत अजून चालते. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच अशा कालबद्ध सक्तीविरुद्ध सल्ला दिला आहे. कारण सक्तीने बदलणारा माणूस बहुधा शेवटचा आकडा एकाने वाढवितो. शब्द फुटल्याची शंका आली की मात्र तो त्याच क्षणी बदलावा.

त्या निबंधाच्या लेखकाच्या घरीच या विषयाचा पुढचा धडा घडावा, हा विलक्षण योग होय. २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस यांच्या मुलाने, रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने, इंटरनेटवर आपोआप पसरणारा एक कार्यक्रम सोडला. तो ‘मॉरिसचा किडा’ म्हणून ओळखला जातो. यंत्रांतील उणिवांबरोबरच तो परवलीचे शब्दही हुडकीत असे: आधी माणसाचे नाव, मग ते उलटे, मग ४३२ शब्दांची एक तयार यादी. त्याने कोणाची फाईल पुसली नाही. मात्र एखाद्या यंत्रात आपली प्रत आधीच आहे असे आढळूनही सातांतून एकदा तो तेथे ठाण मांडीत असे. प्रतींची गर्दी होऊन यंत्रे ठप्प झाली. त्या वेळच्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० बाधित झाले असा अंदाज सांगितला जातो. १९९० साली त्यास तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. मुलाने हेतुपूर्वक नासधूस केली नाही. पण दुसऱ्यांच्या यंत्रांवर प्रयोग करण्याचा अधिकार त्यास कोणी दिलेला नव्हता.

भारतात १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पाद्वारे निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, तेव्हा यातले काही नव्हते. यंत्र चालू केले की ते कोणाचेही नाव न विचारता आज्ञेची वाट पाहत असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, आणि पुढे शाळेचा संगणक बाहेरच्या जगाशी जोडला गेला. आज त्याच संगणकावरून शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, गुणपत्रिका उघडल्या जातात, पत्रे धाडली जातात. समजा, तास संपल्याची घंटा झाली आणि एक विद्यार्थिनी आपले खाते उघडेच ठेवून उठली. पुढच्या तासाला त्या जागी बसलेल्या मुलाने गंमत म्हणून तिच्या नावाने कोणास अपशब्द लिहिले. यंत्राच्या नोंदीत नाव तिचेच राहील, आणि चौकशीची सुरुवात तिच्यापासून होईल. २००८ च्या दुरुस्तीनंतर भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-सी अन्वये दुसऱ्याचा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकणारा गुन्हा आहे. गंमत आणि अपराध यांमधील अंतर किती थोडे आहे, हे मुलांस क्वचितच सांगितले जाते.

म्हणून उठताना खाते बंद करणे ही केवळ शिस्त नव्हे. ‘हा शब्द लक्षात ठेवू का?’ असे सामायिक यंत्राने विचारले तर नकार द्यावा. कारण ते शब्द लक्षात ठेवील आणि पुढच्या माणसासही उपयोगी पडू देईल. जिवलग मित्रासही शब्द सांगू नये. त्याच्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे, तर पुढे काही बिघडले तर संशयाची छाया त्याच्यावरही पडेल म्हणून.

अनेक शाळांत प्रत्येकास वेगळे खाते देणे शक्य होत नाही. साऱ्या वर्गासाठी एकच नाव असते आणि त्याचा शब्द फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. अशा खात्याच्या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही. तेथे निदान इतके करता येते: त्या खात्यातून कोणीही आपले खासगी पत्र किंवा अर्ज उघडू नये, आणि प्रत्येक यंत्राशेजारी एक वही ठेवून बसणाऱ्याने नाव, तारीख, बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहावी. दोरीने बांधलेली पेन्सिल आणि चाळीस पानांची वही एवढ्यात ते काम होते.