कॉफीचें यंत्र विकत घेण्यापूर्वीं

कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक भाचा दिवाळीला न्यू जर्सीहून आला, तेव्हां त्यानें आमच्यासाठीं कॉफीचें एक विजेचें यंत्र भेट म्हणून आणलें. काळेंभोर, चकचकीत, वर घड्याळ बसविलेलें असें तें यंत्र पाहून घरांतील सगळी मंडळी हरखून गेली. पाणी ओतलें, कॉफीची पूड घातली, बटण दाबलें. आणि पाहतां पाहतां स्वयंपाकघरांत कॉफीच्या सुवासाऐवजीं जळक्या रबराची घाण सुटली. यंत्राच्या बुडाशीं बारीक अक्षरांत १२० व्होल्ट असें लिहिलेलें होतें. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची. विजेचा दाब जवळजवळ दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता दुप्पट होत नाहीं, साडेतीन पटींहून अधिक होते. हा हिशेब मी शाळेंत शिकलों होतों. आठवला मात्र धूर निघाल्यावर.

ज्यांना अशा यंत्राची हौस आहे, पण त्यापायीं दहा-पंधरा हजार रुपये मोजण्याची तयारी नाहीं, अशा श्रोत्यांकरितां आजचें हें भाषण आहे. दुकानांत ज्याला 'ड्रिप कॉफी मेकर' म्हणतात तें यंत्र दोन-तीन हजारांच्या आसपास मिळूं शकतें. दुकानदार आपणांस त्याचें घड्याळ दाखवितो, दिवे दाखवितो, रंग दाखवितो. यांपैकीं एकाहि गोष्टीचा कॉफीच्या चवीशीं संबंध नाहीं. चव कशावर अवलंबून असते हें समजण्यासाठीं यंत्राच्या पोटांत काय चालतें तें पाहिलें पाहिजे.

मूळ कल्पना अगदीं घरगुती आहे. जर्मनींतील ड्रेस्डेन शहरच्या मेलिटा बेंट्स या गृहिणीनें १९०८ सालीं एका पितळी भांड्याच्या तळाला भोकें पाडलीं, त्यांत मुलाच्या वहींतील टीपकागद घातला आणि त्यावर कॉफीची पूड ठेवून कढत पाणी ओतलें. गाळ वर राहिला, स्वच्छ अर्क खालीं आला. पुढें १९५४ सालीं जर्मनींतच विडमान यांच्या 'विगोमाट' यंत्रानें पाणी ओतण्याचें काम विजेकडे सोंपविलें, आणि १९७२ पासून 'मिस्टर कॉफी'नें तें अमेरिकेंत घरोघर पोंचविलें. तेव्हां यंत्र म्हणजे काय, तर त्या बाईंचा पाणी ओतणारा हात. तो हात पुरेसें कढत पाणी, योग्य वेळांत आणि सगळ्या पुडीवर सारखें ओततो कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें.

स्वस्त यंत्रांत पंप नसतो. टांकींतील पाणी खालीं उतरून घोड्याच्या नालासारख्या वांकविलेल्या एका नळींत येतें. या नळीला लागूनच विजेची तापणारी कांडी असते. पाण्यानें उलट टांकींत जाऊं नये म्हणून वाटेंत एकेरी झडप बसविलेली असते. नळींतील थोडें पाणी उकळलें कीं वाफेचे बुडबुडे आपल्या वरच्या पाण्याला ढकलीत ढकलीत माथ्यावर नेतात. तेथून तें पुडीवर ठिबकतें. यंत्र चालूं असतां जी गुडगुड ऐकूं येते ती हीच. खालची तबकडी तापविण्याचें कामहि तीच कांडी करते.

आतां जाणकारांचा दंडक असा आहे कीं पुडीवर पडणारें पाणी सुमारें ९२ ते ९६ अंश सेल्सिअस असावें आणि सारें काम ४ ते ८ मिनिटांत उरकावें. पाणी निवलेलें असेल तर कॉफी आंबूस व पाणचट होते. फार वेळ लागला तर कडवट होते. यंत्र विकत घेण्यापूर्वीं हें कसें कळावें? याचें अर्धें उत्तर यंत्राच्या बुडाशींच छापलेलें असतें, आणि व्होल्टच्या आंकड्यानें पोळलेला मी आतां तेथेंच आधीं पाहतों. तेथें वॅट दिलेले असतात. १ लिटर पाणी २५ अंशांवरून ९३ अंशांपर्यंत तापवावयास सुमारें २८५ किलोज्यूल उष्णता लागते. ९०० वॅटचें यंत्र ती सव्वापांच मिनिटांत देतें. ६०० वॅटच्या यंत्राला जवळजवळ ८ मिनिटें लागतात, आणि वाटेंत वायां जाणारी उष्णता धरली तर त्याहूनहि अधिक. म्हणून लिटरभर पाण्याचें यंत्र घ्यावयाचें तर ९०० वॅटच्या खालीं उतरूं नये. ६०० वॅटचें यंत्र वाईट असतें असें नाहीं. तें अर्ध्या लिटरपुरतें घ्यावें. हजार वॅटला सव्वाचार अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, तेव्हां भिंतींतील साधी ६ अँपिअरची जागा पुरते. १४०० वॅटच्या यंत्राला मात्र १६ अँपिअरची हवी.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग घरीं आणल्यावरच कळतो. स्वयंपाकाचा एखादा थर्मामीटर असेल तर पाणी पडत असतांना तो पुडीच्या भांड्यांत धरून पाहावा. पहिल्या पाण्याची बरीच उष्णता यंत्राच्या थंड नळ्याच पिऊन टाकतात. यावर फुकटचा उपाय असा, कीं आधीं एकदां पेलाभर नुसतें पाणी यंत्रांतून काढावें आणि मग कॉफी करावी. तसेंच, पुष्कळ स्वस्त यंत्रांत पाणी एकाच ठिकाणीं पडतें आणि कडेची पूड कोरडी राहते. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर चमच्यानें पूड एकदां ढवळली कीं फरक लगेच जाणवतो. महागड्या यंत्रांचें पुष्कळसें मोल याच दोन उणिवा दूर करण्याबद्दल असतें.

'दहा कपांचें यंत्र' या शब्दांनीं फसूं नये. यंत्रावरचा कप बहुधा १२५ ते १५० मिलीलिटरचा असतो. आपल्या घरांतील मोठे मग धरले तर दहाचे पांचच भरतात. पुडीचेंहि तसेंच: लिटराला ५५ ते ६० ग्रॅम लागते, आणि आपण हात आंखडून तीन चमचे घालतों, मग दोष यंत्राला देतों.

कांचेच्या भांड्याखालीं तापत राहणारी तबकडी ही सोय म्हणून सांगतात. मला ती गैरसोय वाटते. अर्ध्या तासांत तिच्यावरची कॉफी शिळ्या काढ्यासारखी लागते. थर्मासचें भांडें असलेलें यंत्र चांगलें, पण महाग. त्याऐवजीं कॉफी होतांच ती घरच्या थर्मासमध्यें ओतून यंत्र बंद करावें. कांचेचें सुटें भांडें बाजारांत मिळतें कीं नाहीं, हें मात्र खरेदीच्या आधींच विचारून ठेवावें. एकाचें भांडें दुसऱ्याला बसतेंच असें नाहीं. आमच्या जळालेल्या यंत्राचें शाबूत भांडें पुढें घेतलेल्या यंत्राला बसलें नाहीं, तें अनुभवानें सांगतों.

गाळणी कागदाची घ्यावी कीं जाळीची? जाळी एकदांच घ्यावी लागते, कागद पुनःपुन्हां. पण कागद कॉफींतील तेलकट अंश अडवून धरतो, जाळी तो सोडते. आणि तो अंश रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढवितो असें आढळलें आहे. ज्यांना पथ्य आहे त्यांनीं कागदाचा खर्च सोसावा.

एवढें सांगून झाल्यावर मुख्य प्रश्नाकडे येतों, आणि तो खरें तर सर्वांत आधीं विचारावयास हवा होता. तुमच्या घरीं कॉफी पितात ती कशी? हें यंत्र करतें ती कॉफी पातळ असते. शंभर भागांत कॉफीचा अंश सुमारें सव्वा भाग. ती काळी किंवा चमचाभर दूध घालून प्यावी. आपल्याकडे दूध, साखर आणि वर किसलेलें जायफळ अशी जी कॉफी आवडते, तिच्यासाठीं हा अर्क अगदीं दुबळा पडतो. निम्मेंशिम्में दूध घातलें कीं राहतें तें कॉफीच्या रंगाचें दूध. शिवाय आपल्या बाजारांतील पुष्कळशा पुडींत चिकोरी असते, आणि ती निम्म्याच्या जवळपास असली तरी कायद्याला चालते. अशी बारीक, चिकोरीयुक्त पूड कागदाच्या गाळणींत घातली तर ती तुंबते आणि गढूळ पाणी कांठावरून ओट्यावर येतें. या यंत्राला जाडसर दळलेली, नुसत्या बियांची पूड हवी.

म्हणून ज्या घरीं दुधाचीच कॉफी होते, त्यांनीं यंत्र घेऊंच नये, असें मी स्पष्ट सांगतों. माटुंग्याच्या उडपी हॉटेलांतील कॉफी ज्यांना आवडते त्यांनीं दाक्षिणात्य पद्धतीचा दोन मजली स्टीलचा फिल्टर आणावा. त्याला वीज लागत नाहीं आणि बिघडण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. रात्रीं पूड दाबून वरून कढत पाणी घातलें कीं सकाळीं दाट अर्क तयार असतो. आमच्या मातोश्रींची सकाळची कॉफी अजून त्याच फिल्टरची असते. यंत्र चालतें तें माझ्यासाठीं, आणि काळी कॉफी पिणारा भाचा आला म्हणजे त्याच्यासाठीं.

शेवटीं निगेसंबंधानें दोन शब्द. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यानें नळींत चुन्याचा थर बसतो. गुडगुड लांबत चालली आणि वाफ अधिक येऊं लागली कीं तें ओळखावें. लिटरभर पाण्यांत दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून तें यंत्रांतून अर्धें काढावें, अर्धा तास थांबावें, मग उरलेलें काढावें आणि साध्या पाण्यानें यंत्र दोनदां धुवावें. पाणी गोडें असेल तर हें तीन महिन्यांनीं, जड असेल तर दर महिन्याला.